विषाणूला रंग कोणी दिला?

करडा गोळा, त्यावर उठून दिसणारे लाल तुरे, मधूनमधून पिवळे-नारिंगी ठिपके. कोरोना म्हटलं की आजही हेच चित्र डोळ्यांसमोर येतं. गंमत अशी की त्या विषाणूला करडा, लाल असा काही रंगच नाही. त्याचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान. एवढ्याशा वस्तूचा ‘रंग कोणता’ हा प्रश्नच निरर्थक आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळणारी प्रतिमाही मुळात कृष्णधवल असते. तिच्यात रंग भरतात ते नंतर.

तो लाल रंग ठरवला दोन वैद्यकीय चित्रकारांनी. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातल्या अलिसा एकर्ट आणि डॅन हिगिन्स यांच्याकडे काम आलं: या नव्या विषाणूला चेहरा द्या. प्रथिनांची रचना त्यांनी वैज्ञानिक नोंदींवरून घेतली, तिथे कल्पनेला वाव नव्हता. पण कुठलं प्रथिन ठळक करायचं, उजेड कुठल्या बाजूने टाकायचा, सावल्या किती गडद ठेवायच्या, हे निर्णय चित्रकाराचे होते. विषाणू ज्या प्रथिनाच्या आधारे आपल्या पेशीला चिकटतो, ते त्यांनी लाल केलं. पुढच्या काही आठवड्यांत जगभरच्या पडद्यांवर तो गोळा पोचला आणि एका अदृश्य गोष्टीची भीती लोकांना नीट धरता येऊ लागली.

हे चित्र विज्ञान की कला? मला वाटतं हा प्रश्न विचारायची सवयच चुकीची लागली आहे. शाळेत चित्रकलेची वही वेगळी आणि विज्ञानाची वेगळी. पुढे शाखाही वेगळ्या. मग मनात पक्कं बसतं की विज्ञान म्हणजे काम आणि कला म्हणजे त्यावरची सजावट. मराठी भाषेला मात्र हा भेद फारसा मान्य दिसत नाही. आपण ‘शास्त्रीय संगीत’ म्हणतो, आणि त्या शब्दात कुणाला विसंगती जाणवत नाही.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की समाजाचं भलं होतं, असं भाषणांत नेहमी ऐकू येतं. नेमकं कसं होतं, ते क्वचितच कुणी सांगतं. म्हणून थेट उदाहरणांकडे जाऊ.

१८५३ ते १८५६ दरम्यान क्रिमियाचं युद्ध झालं. ब्रिटिश सैन्याच्या स्कुटारी (आजच्या इस्तंबूलमधला भाग) इथल्या रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये पोचल्या. हातात दिवा घेऊन फिरणारी परिचारिका एवढीच त्यांची ओळख आपल्यापर्यंत आली आहे, पण त्या पक्क्या आकडेशास्त्रज्ञ होत्या. आणि आकडे भयंकर होते. एकट्या जानेवारी १८५५ चा हिशेब बघा. सैन्य ३२,३९३. लढाईतल्या जखमांनी मेलेले ८३. कॉलरा, हगवण, ताप अशा रोगांनी मेलेले २,७६१. इतर कारणांनी ३२४. म्हणजे शत्रूच्या गोळीने एक सैनिक मरत होता, तेव्हा घाणीतून आलेल्या रोगांनी तेहेतीस मरत होते.

मार्च १८५५ मध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं धुऊन काढली, मेलेली जनावरं उचलली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. मृत्यू झपाट्याने कमी झाले. युद्ध संपल्यावर नाइटिंगेल परतल्या तेव्हा त्यांना एक वेगळाच शत्रू दिसला. युद्ध नसतानाही इंग्लंडमधल्या बराकींत राहणारे तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट दराने मरत होते, आणि रोगाने होणारे असे मृत्यू अटळ असतात असं मानणारे अधिकारी मोठ्या पदांवर बसले होते. तक्ते त्यांनाही मिळत होते. पण तक्ता समोर असणं वेगळं आणि तो वाचला जाणं वेगळं.

मग १८५८ मध्ये त्यांनी आकृती छापली. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळाच्या बारा फाका. प्रत्येक फाकेत तीन रंग: टाळता आले असते अशा रोगांचे मृत्यू निळे, जखमांचे लाल, बाकीचे काळे. कागद हातात घेतला की पहिल्या क्षणी दिसतो तो निळा. लाल शोधावा लागतो. युद्धाच्या चित्रात लाल शोधावा लागतो, एवढंच त्यांना मंत्र्यांच्या गळी उतरवायचं होतं.

इथे जरा थांबू, कारण पुढची बारकाई मला सगळ्यात आवडते. आधीच्या एका आकृतीत त्यांनी मृत्यूंच्या प्रमाणात फाकेची लांबी वाढवली होती. पण डोळा लांबी मोजत बसत नाही, तो पसारा बघतो. लांबी दुप्पट केली तर फाकेचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे चित्र आकड्यापेक्षा मोठ्याने ओरडू लागतं, आणि तेही आपल्याच बाजूने! नाइटिंगेलना हे खटकलं. नव्या आकृतीत त्यांनी क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात ठेवलं. जानेवारी १८५५ ची निळी फाक लाल फाकेच्या ३३ पट क्षेत्राची, म्हणून लांबीला फक्त पावणेसहा पट. चित्राचा प्रभाव त्यामुळे कमी झाला, पण खोटं बोलण्याची शक्यता संपली. आपल्या बाजूचा फायदा सोडून केलेली ही दुरुस्ती मला आकृतीच्या सौंदर्याहून मोठी वाटते.

‘एका चित्राने हजारो सैनिक वाचवले’ अशी वाक्यं समाजमाध्यमांवर फिरतात. स्कुटारीतले सैनिक गटारं साफ झाल्याने वाचले. आकृती त्यानंतर तीन वर्षांनी आली. तिचं काम वेगळं होतं: तीच सफाई शांततेच्या काळात, कायमची आणि सगळीकडे व्हावी म्हणून सत्तेतल्या माणसांची झोप उडवणं. सोबत अहवाल होते, पत्रव्यवहार होता, विल्यम फार यांच्यासारख्या जाणत्या आकडेशास्त्रज्ञाची साथ होती. त्याच वर्षी लंडनच्या सांख्यिकी संस्थेने नाइटिंगेलना सदस्यत्व दिलं. त्या तिथल्या पहिल्या स्त्री सदस्य.

जॉन स्नो यांच्या नकाशाभोवतीही असंच दंतकथांचं जाळं आहे. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला. डॉक्टर स्नोंनी नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी एक काळी रेघ मारली, घराघरापुढे रेघा रचत गेले, आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती त्यांची गर्दी झाली. नकाशा बघून पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, अशी गोष्ट सांगितली जाते. दांडा ८ सप्टेंबरला निघाला हे खरं. पण साथ आधीच ओसरत होती आणि नकाशा छापून आला तो नंतर.

तरी नकाशाचं महत्त्व कमी होत नाही, कारण त्याची खरी ताकद रेघा नसलेल्या जागांत आहे. पंपाजवळच गरिबांसाठीचं एक श्रमगृह होतं. तिथे ५३५ माणसं राहत, आणि मेली फक्त पाच. का? त्यांची स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार धडधाकट राहिले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. त्यांना बिअर मिळायची. रोग दूषित हवेने पसरतो असं तेव्हा जवळपास सगळे मानत. हवा दूषित असती तर तिने श्रमगृहाच्या भिंती बघून वाट बदलली नसती. चित्रातली मोकळी जागा बघायला शिकणं हा चित्रकलेच्या वर्गातला अगदी पहिला धडा असतो. इथे तो वैद्यकशास्त्राचा पुरावा झाला. हेन्री व्हाइटहेड नावाचे स्थानिक धर्मगुरू स्नोंचं म्हणणं खोडून काढायला निघाले होते. घरोघर चौकशी केल्यावर तेच स्नोंच्या बाजूचे झाले.

इथवरची उदाहरणं कळलेलं पोचवण्याची आहेत. कला त्याच्याही आधी कामाला येते, मुळात दिसण्यासाठी.

१६०९ मध्ये दोन माणसांनी दुर्बिणीतून चंद्र बघून त्याची चित्रं काढली. इंग्लंडमधले थॉमस हॅरियट यांनी आधी, गॅलिलिओने काही महिन्यांनी. हॅरियट उत्तम गणिती, पण त्यांच्या पहिल्या चित्रात उजेड-अंधाराची वेडीवाकडी सीमारेषा आणि काही डाग एवढंच आहे. गॅलिलिओला त्याच डागांत डोंगर आणि खळगे दिसले. त्याची दुर्बीण सरस होती हे खरं, पण कला-इतिहासकार आणखी एक कारण देतात: तो इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या परंपरेत चित्रकला शिकलेला होता. गोलाकार वस्तूवर तिरपा उजेड पडला की सावली कशी पडते याचा हात त्याला होता. डाग बघून त्याला सावली आठवली, आणि सावलीवरून त्याने डोंगरांची उंचीही काढली. त्याचं पुस्तक १६१० मध्ये आलं. त्यानंतर हॅरियटच्या चित्रांतही खळगे दिसू लागले! डोळा तोच, आकाश तेच. काय बघायचं ते कुणीतरी दाखवलं होतं.

हे निरीक्षण शिकवता येतं का? डॉक्टरांच्या बाबतीत याची तपासणी झाली आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात नेलं. एकेका चित्रासमोर उभं करायचं, आणि जे दिसतं तेवढंच सांगायला लावायचं. ‘ही बाई दुःखी आहे’ म्हणायचं नाही; ‘खांदे पुढे झुकलेत, एक हात मुठीत आहे, नजर दाराकडे’ असं म्हणायचं. रोगाचं निदान मागून. २००१ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष छापले गेले: असे विद्यार्थी रुग्णांच्या छायाचित्रांतले तपशील इतरांपेक्षा जास्त टिपत होते. पुढे २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने नेत्रविकारांच्या बाबतीत असंच करून पाहिलं, ३६ विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून. संग्रहालयात गेलेल्यांचं निरीक्षण सुधारलं. प्रयोग लहान आहेत आणि त्यातून रुग्ण जास्त बरे झाले असा दावा करता येत नाही. पण डॉक्टर आपल्याकडे न बघता पडद्याकडे बघत औषध लिहून देतात ही तक्रार ज्यांनी केली आहे, त्यांना या वर्गाची किंमत कळेल.

रंगांचंही तसंच. हृदयाच्या रोहिण्यांत रक्ताचा प्रवाह कुठे मंदावतो ते संगणकावर रंगवून दाखवतात, कारण तिथे पुढे अडथळा तयार होण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षं त्यासाठी इंद्रधनुष्याचे सात रंग आणि त्रिमितीय आकृती वापरायची पद्धत होती. दिसायला झकास. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांवर चाचणी घेतली तेव्हा कळलं की अशा आकृतीत धोक्याच्या जागांपैकी फक्त ३९ टक्के सापडत होत्या. त्यांनी रोहिण्या सपाट उलगडून मांडल्या आणि रंग बदलले: काळ्यापासून लालपर्यंत हळूहळू चढत जाणारे. प्रमाण ९१ टक्क्यांवर गेलं. माहिती तीच, संगणक तोच. इंद्रधनुष्यात हिरव्यानंतर पिवळा येतो तिथे डोळ्याला ठसठशीत सीमा दिसते, प्रत्यक्षात तिथे काहीच घडत नसलं तरी. रंगाची जाण ही शोभेची बाब असती तर हे अंतर पडलं नसतं.

आता एक अवघड प्रकरण. पहिल्या महायुद्धात खंदकांतून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफांच्या तुकड्यांनी उडत. हॅरल्ड गिलिस हे शल्यविशारद इंग्लंडमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया करत. त्यांच्यासोबत १९१६ मध्ये हेन्री टॉन्क्स कामाला आले. टॉन्क्स आधी शल्यविशारद, मग ते सोडून चित्रकार आणि चित्रकलेचे शिक्षक झालेले. त्यांनी या सैनिकांची रंगीत खडूने चित्रं काढली, शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची. छायाचित्रं तेव्हा कृष्णधवल. जिवंत ऊती कुठली आणि सडलेली कुठली, हा फरक रंगात कळतो. त्या चित्रांत आणखी एक गोष्ट आहे. छायाचित्रात फक्त जखम दिसते. टॉन्क्सच्या चित्रात माणूस बघणाऱ्याकडे बघतो आहे.

जिथे शस्त्रक्रिया हरली, तिथे शिल्पकार आले. ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार स्त्रीने पॅरिसमध्ये सैनिकांसाठी मुखवटे बनवले. आधी चेहऱ्याचा साचा, मग जुनी छायाचित्रं पाहून मातीत हरवलेलं नाक किंवा जबडा घडवायचा, मग त्यावरून तांब्याचा पातळ पत्रा. रंग द्यायचा तो सैनिकाने मुखवटा चढवलेला असताना, त्याच्या उरलेल्या त्वचेशी जुळवत. ढगाळ दिवसाची त्वचा आणि उन्हातली त्वचा यांच्या मधली छटा निवडायची, दाढी केलेल्या गालाला किंचित निळसर झाक द्यायची, भुवयांना खरे केस लावायचे. मुखवटा हलत नव्हता, हसत नव्हता आणि फार टिकतही नव्हता. पण तो घालून माणूस रस्त्यावर निघू शकत होता, आणि समोरचा मान फिरवत नव्हता. याला सुधारणा म्हणायचं का, यावर वाद घालता येईल. दोष बघणाऱ्यांच्या नजरेत होता आणि झाकला गेला तो चेहरा, असंही कुणी म्हणेल. मी त्या सैनिकाच्या बाजूने.

आवाज आणि हालचाल यांच्याबद्दल थोडक्यात. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतलं आतलं घड्याळ बिघडतं. पाऊल उचलायचं असतं, पण उचललं जात नाही. अशा वेळी बाहेरून ठेका मिळाला तर चाल बरीच सुधारते, पावलं लांब पडतात, हे मोजून दाखवलं गेलं आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले, आणि ती कल्पना नंतर बऱ्याच देशांत गेली. आजार त्याने बरा होत नाही. पण वर्गात ती माणसं रुग्ण म्हणून येत नाहीत, नाचायला येतात, आणि हा फरक गोळीत घालून देता येत नाही.

या जोडीचं सगळं गोड नाही. १८७७ मध्ये इटलीचे खगोलशास्त्रज्ञ जिओव्हानी शियापारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या आणि रेखाटल्या. पुढे अमेरिकेचे खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लोवेल यांनी त्या रेषांचे देखणे, रेखीव नकाशे काढले. मंगळवासीयांनी खणलेले कालवेच ते! चित्रं इतकी ठाम होती की कित्येक वर्षं लोक मंगळावर शेतीची स्वप्नं बघत राहिले. १९६५ मध्ये मरिनर ४ यान जवळून गेलं आणि छायाचित्रांत कालवा एकही नव्हता. जो हात धूसर गोष्ट स्पष्ट करतो, तोच नसलेली गोष्टही स्पष्ट करू शकतो. म्हणून नाइटिंगेलची ती क्षेत्रफळाची दुरुस्ती मला पुन्हा पुन्हा आठवते.

एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये तापमानवाढीचे पट्टे मांडले: दरवर्षी एक उभा पट्टा, थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल, आकडा एकही नाही. कपड्यांवर, भिंतींवर, मैदानांवर ते झळकले. लहान मुलालाही कळतं की उजवीकडे काहीतरी बिनसलं आहे. का बिनसलं आणि काय करायचं, हे पट्टे सांगत नाहीत, आणि त्यांच्याकडून ती अपेक्षाही करू नये. दार ठोठावणाऱ्याने आत येऊन स्वयंपाकही करावा असं थोडंच असतं?

व्यवहारात गोष्टी बिघडतात त्या एका साध्या कारणाने: चित्रकाराला शेवटच्या आठवड्यात बोलावतात. सगळं ठरलेलं असतं, मजकूर कोंबलेला असतो, आणि ‘जरा आकर्षक करून द्या’ एवढंच सांगितलं जातं. सुरुवातीपासून बोलावलं तर काय होतं, ते ब्रिटनच्या रस्त्यांवर बघायला मिळतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथे द्रुतगती मार्ग येऊ घातले होते. जुन्या पाट्या सायकलच्या वेगाला ठीक होत्या, भरधाव मोटारीतून त्या वाचेपर्यंत वळण मागे पडे. जॉक किनियर आणि त्यांची तरुण सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांना काम मिळालं. त्यांनी जमिनीपासून विचार केला: चालक पाटीकडे किती क्षण बघतो, शब्द अक्षर-अक्षर वाचतो की त्याचा आकार ओळखतो? त्यांनी नवी अक्षरं घडवली आणि गावांची नावं सगळी मोठ्या लिपीत (इंग्रजी कॅपिटल अक्षरांत) लिहायची रीत मोडली. लहान लिपीत काही अक्षरं वर जातात, काही खाली, आणि प्रत्येक नावाची स्वतःची बाह्यरेषा तयार होते.

यावर वाद पेटला. डेव्हिड किंडर्सली या अक्षरकाराने मोठ्या लिपीतली आपली पाटी पुढे केली. मग चाचणी झाली: एका विमानतळावर स्वयंसेवकांना बसवलं आणि टपावर पाटी बांधलेली मोटार त्यांच्या दिशेने आणली. वाचता आलं की सांगायचं. निकाल मोठा मजेशीर लागला. किंडर्सलींची अक्षरं किंचित वरचढ ठरली, पण इतकी किंचित की तेवढ्यावर काही ठरवता येईना. मोजपट्टीने आपलं काम केलं आणि बाजूला झाली. निर्णय डोळ्यावर आला. किनियर-कॅल्व्हर्ट यांची अक्षरं निवडली गेली, आणि १९६५ पासून ती तिथल्या सगळ्या रस्त्यांवर आहेत.

त्याच संचात ‘पुढे शाळा आहे’ सांगणारी त्रिकोणी पाटी आहे. जुन्या पाटीवर टोपीवाला मोठा मुलगा एका लहान मुलीला नेत होता. कॅल्व्हर्टना ते चित्र फार ऐटबाज वाटलं. त्यांनी ते उलटं केलं: मोठी मुलगी पुढे, तिने लहानग्याचा हात धरला आहे. ती मुलगी त्यांनी स्वतःच्या लहानपणीच्या छायाचित्रावरून काढली.